सोयाबीनच्या गाठी आणि आपली पेशी

पेरणीची वेळ आली की चिखली तालुक्यात सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळायची लगबग सुरू होते. पुढे मुळांवर गाठी धरतात. नखाने फोडल्यावर आत लालसर दिसली, की समजावं गाठ कामाची आहे. तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात.

आता गंमत ऐका. या जिवाणूंचे दूरचे भाऊबंद आपल्याही पेशींत आहेत! पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया ही मूळची जिवाणूच, असं जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली मांडलं, तेव्हा फार थोड्यांना पटलं. पुरावा डीएनएने दिला. जिवाणूंसारखाच मायटोकाँड्रियाचा डीएनएही वर्तुळाकार असतो. पण आकार पाहा: सोयाबीनच्या जिवाणूत सुमारे 91 लाख अक्षरं, आठ हजारांहून जास्त जनुकं, आपल्या मायटोकाँड्रियात 16,569 अक्षरं आणि जनुकं अवघी 37. उरलेली काही पेशीच्या केंद्रकात गेली, काही कायमची गळाली. म्हणून रायझोबियम मातीत एकटा जगतो, मायटोकाँड्रिया नाही.

नातं मात्र औषधांनाही कळतं. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं जिवाणूंची प्रथिनं बनवणारी यंत्रणा बिघडवतात. मायटोकाँड्रियातही तशीच यंत्रणा असते. काही माणसांच्या मायटोकाँड्रियात 1555 क्रमांकाचं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि ती यंत्रणा जिवाणूंच्या यंत्रणेसारखी आणखीच दिसू लागते. त्यांना याच औषधाने बहिरेपण येऊ शकतं. हा डीएनए आईकडूनच येतो. तेव्हा आजोळी कुणाला अशा इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.