मोहाचा वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला 'सुगंध' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. गुलाब-मोगऱ्यावर पुष्कळजणी बोलतील. मी आपल्या धानोऱ्याच्या रानातल्या मोहावर बोलणार आहे. नाव काढताच मागे दोघीतिघींनी नाकाला पदर लावला, तो मी पाहिला!

आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यासाठी बायाही झटल्या. मोहाचा वास म्हणजे पिऊन आलेल्या माणसाचा वास, असे आपल्या मनात बसले ते उगीच नाही. पण तो वास सडव्याचा, भट्टीचा. फुलाचा वास निराळा. आपण त्यात भेद करीत नाही, आणि पहाटे मोह वेचून शाळेत गेलेल्या मुलीला बाकावरच्या मैत्रिणी 'वास येतो' म्हणून चिडवतात. ती पोर खाली मान घालते. मला हे फार लागते.

फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने गळालेली असतात. फुले रात्री उमलतात, कारण त्यांचे पाहुणे वटवाघळे. उजाडायच्या आत मोत्यासारखी पांढरट, रसाने भरलेली फुले टपटप खाली पडतात. अस्वलालाही तो वास दुरून कळतो, म्हणून वेचायला एकटीने जाऊ नये, हे जाता जाता सांगते.

मोह आणि बकूळ एकाच कुळातली झाडे. चिकूही त्याच घरचा. बकुळीची वाळलेली फुले आपण लुगड्याच्या घडीत ठेवतो. मोहफुले तशी ठेवता येत नाहीत. त्यांत साखर इतकी की मुंग्यांची रांग लागेल. बकुळीचे अत्तरही मिळते. कनोजला तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि तिथले चंदनतेल तो वास धरून ठेवते. (भट्टीची रीतही याच जातीची आहे, पण ते असो.) अत्तरात वासाचे पदर असतात म्हणे : वरचा हलका, लगेच उडणारा, खालचा जड, कपड्यात मुरणारा. मोहाचा वास मला खालच्या पदरातला वाटतो. गोड, दाट, पिकल्या फळासारखा, आणि त्याच्या तळाशी चुलीवरच्या भाताचा.

भाताचा म्हटले ते कल्पनेने नव्हे. पुण्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली मोहफुलांतल्या एका गंधद्रव्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचे नाव टू-असिटिल-वन-पायरोलिन. एवढे लांब नाव आपल्या काय कामाचे! पण बासमतीला तिचा घमघमाट ज्यामुळे येतो तेच हे द्रव्य. आंब्याच्या मोहोरावरून आपण एका तांदळाचे नाव आंबेमोहर ठेवले. चिन्नोर शिजू लागला की शेजारीण 'आज पाहुणे का हो?' म्हणून विचारते. त्याच जातीचा वास रानातून टोपलीत आला की मात्र नाकाला पदर!

येत्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला गुलाबदाणीशेजारी एक द्रोण मोहफुले ठेवावी, अशी माझी सूचना आहे. मुलींनाही बोलवावे. फुले मी आणीन, फक्त समारंभ सकाळी लवकर ठेवा. उन्ह चढले की त्यांचा वास बदलतो.