वजनाचा प्रश्न आणि आपली मुले
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध व परमपूज्य बाबासाहेब यांना वंदन करून मी बोलायला उभी आहे. विषय ऐकून मागे कुणीतरी हसले. साहजिक आहे. ज्या समाजाने पोटभर अन्नासाठी पिढ्या घालवल्या, त्याला वाढत्या वजनाची काळजी म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात. आणि मेळघाट आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे, हे मी विसरलेले नाही. 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील 24 टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली, तर वजन जास्त असलेली 5 टक्के. म्हणजे कृश मुलेच जास्त. पण त्या पाच टक्क्यांत आपलीही मुले आहेत, आणि त्यांच्याकडे पाहायला कुणी नाही.

परिचारिकेच्या नोकरीत असताना अकोल्याकडची एक आई आठवीतल्या मुलाला घेऊन आली. शाळेत गुरुजींनी त्याला वर्गासमोर उभे करून विचारले होते, "आंघोळ करतोस की नाही? मान पाहा किती काळी." माउली म्हणाली, "बाई, घासू घासू थकली मी, निघतच नाही जी." मान सोलल्यासारखी झाली होती. तो मळ नव्हता. वजन वाढले आणि शरीरातले इन्सुलिन नीट काम करेनासे झाले की मानेवर, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. ही पुढच्या मधुमेहाची सूचना असू शकते. सुखवस्तू घरच्या मुलाची अशी मान दिसली तर त्याला डॉक्टरकडे नेतात. आपल्या मुलाला घाणेरडा म्हणतात. हा शब्द आपल्या आजा-पणजांनी किती ऐकला, ते मी सांगायला नको.

त्या माउलीला आधी एका खाजगी दवाखान्यात आहाराचा कागद मिळाला होता. त्यावर ओट्स, बदाम, ऑलिव्ह तेल. ती रोजमजुरीला जाणारी. कागद तिने घडी करून डब्यात ठेवला होता, एवढेच.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत बुद्धांकडे येई. बुद्धांनी त्याची थट्टा केली नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितले आणि त्यासाठी दिवसाला शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि सडपातळ झाला. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, वजन हळूहळू उतरले. दुसरी, राजाला रोज आठवण देणारा माणूस परवडत होता. आपल्या मुलांचा सुदर्शन कोण?

आता कारणांकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत मांस कमी आणि वजनाच्या मानाने चरबी टिकलेली. आईच अर्धपोटी असेल तर असे होते. अशा शरीरावर पुढे थोडे वजन वाढले तरी बाधते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 च्या तक्त्यात मर्यादा खाली आणली. प्रौढांच्या 23 च्या बरोबरीचा निर्देशांक जास्त वजनाचा, 27 च्या बरोबरीचा लठ्ठपणाचा. मुलांचे वजन असे वय आणि उंची धरूनच पाहायचे असते.

नागपूरला जुलै 1942 मध्ये दलित महिला परिषद झाली. तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तेथे बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले. आज वैद्यकशास्त्र तेच सांगत आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले.

रेशनवर येतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ विकत, भाजी विकत. शाळेच्या गेटवर मात्र पाच रुपयांत पुडा मिळतो. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत सुमारे पाच-सहा चमचे साखर असते. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत असले पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. तो मुख्याध्यापकांना दाखवा. पालक सभेत दोघांनी उठून विचारले तरी फरक पडतो.

मुलांना उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरवायचे नसते, आहे तेवढे धरून ठेवायचे असते. उंची वाढली की ते आपोआप जुळते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, अंडे. हे आपलेच जेवण आहे, ओट्सची गरज नाही. तेल मोजून घाला. मुलीला मैदानावर जाऊ द्या. "पोरीची जात" म्हणून तिला घरात बसवणारे घर आपल्यातही आहे.

आणि हक्क मागा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि काय लिहिले ते विचारून घ्या. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मजुरी मात्र बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, विहारात एक वजनकाटा आणि भिंतीवर उंचीची पट्टी लावावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर मी बसेन. वजन पडद्याआड घेऊ, आकडा मोठ्याने वाचणार नाही. वही नववी-दहावीच्या मुलींनी सांभाळावी. त्यांच्यापैकी दोघींनी आताच नावे दिली आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.