कुंपणच शेत खाते तेव्हा

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणि संजय गांधी संस्थेत गोरखपूर-देवरियाकडून तापाचे रोगी येतात. डेंग्यू असो, स्क्रब टायफस असो की आता विरळ झालेला काळा आजार असो, योग्य उपचाराने ताप बहुधा उतरतो. एखाद्याचा मात्र उतरत नाही. प्लीहा वाढते, रक्तपेशी घटतात, यकृत बिघडते. जंतू भारी पडला असे समजून प्रतिजैविके वाढविली जातात. पण वैरी आता घरातलाच असतो. शरीराच्या संरक्षक पेशी अनावर होऊन आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात.

स्कॉट व रॉब-स्मिथ यांनी १९३९ साली असा विकार वर्णिला होता. त्याचे आजचे नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. उच्चारतानाच धाप लागावी असे! डॉक्टर एचएलएच म्हणून सुटका करून घेतात.

संशयाला वाट दाखविते ती रक्तातील फेरिटिनची तपासणी. निकषातील ५०० नॅनोग्रॅमचा आकडा साध्या जंतुदोषातही ओलांडला जातो. तो कित्येक हजारांवर गेला की थांबून विचार करावयाचा. डेक्झामेथासोन, प्रसंगी इटोपोसाइड, हे अनावर पेशींना आवरतात. परंतु जंतू जिवंत असताना संरक्षकांचेच हात बांधावयाचे, हे संकट मोठे. म्हणून मूळ कारणाचा शोध तितकाच निकडीचा. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन हवे. अस्थिमज्जेत काळ्या आजाराचा परजीवी सापडला, तर लायपोसोमल अम्फोटेरिसिननेच वादळ बहुधा शमते, इटोपोसाइड टळते. मात्र तो परजीवी पहिल्या तपासणीत निसटू शकतो. अशा वेळी मज्जा पुन्हा तपासावी लागते.