चार पिढ्या आणि एक अपुरी गोष्ट

आपल्या घरांतील जुनी वंशावळ उघडली, तर बापामागून मुलगा, मुलामागून नातू अशी नांवांची माळ दिसते. आया आणि लेकी तींत बहुधा नसतात. म्हणूनच ‘अँटोनियाज लाइन’, म्हणजे अँटोनियाची वंशरेषा, हा डच बोलपट पाहावयास मी मोठ्या उत्सुकतेनें बसलें. मार्लेन गोरिस यांनीं तो १९९५ सालीं हॉलिवुडच्या छत्राबाहेर निर्माण केला. परभाषिक चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक १९९६ सालीं त्याला मिळालें; स्त्रीनें दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला हा मान प्रथमच मिळाला. असें असूनहि माझी निराशा झाली, आणि तिचें कारण सांगितलें पाहिजे.

दुसरें महायुद्ध संपल्यावर अँटोनिया मुलीला, डॅनिएलला, घेऊन आपल्या गांवीं परतते आणि शेती करूं लागते. शेजारचा विधुर शेतकरी तिला मागणी घालतो. ती लग्न नाकारते, पण स्नेह नाकारीत नाहीं. डॅनिएलला मूल हवें, नवरा नको. तिला तेरेझ होते. तेरेझची मुलगी सारा हीच या कथेची निवेदिका.

विलेके व्हॅन ॲमेलरॉय यांची अँटोनिया भारदस्त आहे. अंगणांतील लांब मेजावर दरवर्षीं माणसें वाढत जातात, तीं दृश्यें मन प्रसन्न करतात. पण या घरांत आई आणि लेक यांचें कधीं बिनसतच नाहीं! विरोध येतो तो बाहेरून, आणि तोहि लवकरच पराभूत होतो. आईशीं एकदांहि कडाडून न भांडलेली लेक कोणत्या घरांत असते?

माझ्या आईनें हट्टानें मला कॉलेजांत घातलें. पुढें नोकरीसाठीं मीं गांव सोडलें, तेव्हां तीच वर्षभर माझ्याशीं धड बोलली नाहीं. तिचें दान आणि तिचा राग, दोन्ही माझ्या वांट्यास आलीं. एकावांचून दुसरें मला समजलें नसतें.

असा एक प्रसंग या चित्रपटाच्या हातीं आला होता. तेरेझ गणितांत आणि संगीतांत असामान्य. पण पोटच्या मुलीविषयीं तिला माया फुटत नाहीं. सारा इतरांच्या मायेवर वाढते. आजीनें आणि पणजीनें मिळविलेल्या स्वातंत्र्याची किंमत या चिमुकलीनें दिली काय? हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. निवेदनाचा गोड स्वर त्यावरून अलगद निघून जातो, आणि आपण पुन्हा मेजावर जेवावयास बसतों.

शेवटीं वृद्ध अँटोनिया आपला अखेरचा दिवस ओळखते, आणि सारा तिच्यापाशीं असते. तो क्षण खरा वाटला. परंतु वंशावळींत स्त्रियांचीं नांवें लिहिलीं, एवढ्यानें त्यांची कथा पुरी होत नाहीं. एका नांवाकडून दुसऱ्या नांवाकडे काय गेलें, आणि काय देतां आलें नाहीं, तेंहि लिहावें लागतें.