अनेक कोठारे, एक पहारा



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या पहाऱ्यावर काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला येथूनही दिसते आहे. माझे शाळेचे शिक्षण दहावीशी संपले. पुढे जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातून आणि कामगारांच्या तोंडून. वॉचमन लोकांच्या संघटनेत मी वीस वर्षे काम केले आहे. अलीकडे संध्याकाळी कचेरीत जी मुलेमुली येतात, ती रात्रभर पडद्यासमोर बसून कंपन्यांच्या मालाची राखण करतात. म्हणजे तीही वॉचमनच. हातात दंडुका नाही आणि पगारपत्रकावर हुद्दा इंग्रजीत आहे, एवढाच काय तो फरक. त्यांची गाऱ्हाणी समजून घ्यावयाची, तर काम समजून घेणे आले. आणि ते समजून घेता घेता हा विषय माझ्या पदरात पडला.

प्रथम 'क्लाउड' या शब्दाचा बंदोबस्त करू. याचा ढगाशी काही संबंध नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे कोठार. कंपनीने स्वतःचे संगणक बाळगण्याऐवजी अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गूगल यांच्या कोठारातली जागा भाड्याने घेतली, की तिचा माल क्लाउडमध्ये गेला असे म्हणतात. ही कोठारे पक्क्या भिंतींची आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईतच ती उघडली. आता एकाच कंपनीचा माल तिन्ही ठिकाणी असतो. हिशेबखात्याला मायक्रोसॉफ्टची सवय, विक्रीखात्याने अॅमेझॉन धरलेले, आणि मध्येच एक छोटी कंपनी विकत घेतली तर तिचे सारे गूगलकडे. साहेबांनी विचारपूर्वक असे ठरविले, असे मला फार थोड्या ठिकाणी आढळले. संसार वाढतो तसा तो वाढला.

प्रत्येक कोठाराच्या दारावर एक वही असते. कारखान्याच्या गेटावर आवक-जावक वही असते, तशीच. कोण आला, कोणती चावी लावली, काय उघडले, हे तीत आपोआप उतरते. अॅमेझॉन तिला क्लाउडट्रेल म्हणते, मायक्रोसॉफ्ट अॅक्टिव्हिटी लॉग म्हणते, गूगल ऑडिट लॉग म्हणते. नावे निराळी, रकाने निराळे, एकाच गोष्टीला शब्द निराळे. चोर मात्र एकच असतो. तो पहिल्या कोठारात विसरलेली चावी उचलतो, दुसऱ्याचे दार उघडतो आणि माल तिसऱ्यातून बाहेर काढतो. पहिल्या वहीत एक साधी नोंद, दुसरीत एक, तिसरीत एक. प्रत्येक वॉचमन म्हणतो, माझ्या पाळीत काही झाले नाही. आणि त्याच्यापुरते ते खरेही असते. तिन्ही वह्या एका टेबलावर उघडून शेजारी शेजारी वाचल्या, तरच चोरी दिसते. मध्यवर्ती पहारा म्हणतात तो हाच. बाकीची यंत्रसामग्री त्यामागून येते.

आपल्या पुण्यातलेच उदाहरण घ्या. ते क्लाउडचे नाही, पण धडा तोच आहे. ११ ऑगस्ट २०१८, वार शनिवार. कॉसमॉस बँकेच्या नावावर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. सुमारे १२,००० वेळा मिळून ७८ कोटी परदेशात निघाले, आणि सुमारे २,८०० वेळा मिळून अडीच कोटी देशात. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळते झाले. एकंदर ९४ कोटी ४२ लाख. हे घडले कसे? एटीएम नेहमी बँकेला विचारते, 'या खात्यात शिल्लक आहे काय?' हा प्रश्न मधल्या एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य वहीकडे जातो. चोरांनी मध्ये एक तोतया स्विच उभा केला. तो प्रश्न पुढे पाठवीतच नव्हता. स्वतःच 'होय, द्या' असे उत्तर देत होता. मुख्य वहीला पत्ताच नाही! 'दिले' आणि 'विचारले' या दोन नोंदींचा ताळा त्या घटकेला होत असता, तर गोष्ट इतकी लांबती ना. आपला किराणा दुकानदार रोज रात्री गल्ला आणि वही ताडून पाहतो. त्याला हे शिकविण्यासाठी कोणी परदेशी तज्ज्ञ आणावा लागत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, आणि ते खुद्द क्लाउडचे. कॅपिटल वन ही बँक. मार्च २०१९ मध्ये तिच्या अॅमेझॉनकडच्या कोठारातून सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनडातील माणसांची माहिती गेली. बँकेला कळले जुलैत, तेही एका बाहेरच्या माणसाने पत्र पाठवून 'तुमचा माल येथे पडला आहे' असे सांगितले तेव्हा. मग बँकेने आपल्या वह्या चाळल्या, तो चोराने काय काय केले हे त्यांत लिहिलेले सापडले. वही होती, चार महिने ती वाचणारा कोणी नव्हता. पुढे २०२० साली सरकारी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलर दंड केला.

तेव्हा पहारा उभारावयाचा तर यंत्र विकत घेण्याआधी दोन कामे आहेत, आणि दोन्ही कंटाळवाणी आहेत. आपला माल कोठे कोठे आहे याची यादी करणे, हे पहिले. अनेक कंपन्यांत ही यादी कोणाजवळच नसते. दुसरे, वह्या चालू आहेत की नाहीत हे पाहणे. मंडळी, येथे एक गंमत आहे. दारातून कोण आला हे कोठारवाले फुकट लिहून ठेवतात; पण आत जाऊन त्याने कोणती पेटी उघडली, ही नोंद अॅमेझॉनकडे आपण सांगितल्याशिवाय होत नाही, आणि सांगितले की पैसे पडतात. गूगलकडेही अशा बहुतेक नोंदी मुळात बंदच असतात. २०२३ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याला असा संशय आला की, आपल्या टपालपेट्या कोणी परका उघडतो आहे. संशय आला कारण त्या खात्याने मायक्रोसॉफ्टकडून जादा दराची वही घेतलेली होती. परराष्ट्रखात्याने कळविल्यावर मायक्रोसॉफ्टला पत्ता लागला. तोवर त्या एका खात्याची सुमारे ६०,००० पत्रे गेली होती. ज्यांच्याकडे साध्या दराची वही होती, त्यांना हे आपल्या वहीत दिसणेच शक्य नव्हते. पुढे ओरड झाली आणि कंपनीने त्यातल्या बऱ्याच नोंदी जादा पैसे न घेता देण्याचे मान्य केले. घर भाड्याने द्यावयाचे आणि कडीचे भाडे वेगळे लावावयाचे, असा हा व्यवहार. मला तो पटत नाही, आणि हे येथे स्पष्ट सांगण्यास हरकत नसावी.

वह्या गोळा करावयाच्या त्या कोठे? ज्या कोठाराची वही, तिथेच ती ठेवून भागत नाही. २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या अॅमेझॉनवरील मुख्य किल्ल्या चोराच्या हाती पडल्या. त्याने खंडणी मागितली. मालकांनी कुलपे बदलू पाहिली, तेव्हा त्याने माल आणि मालाच्या बहुतेक नकला, दोन्ही पुसून टाकले. कारण दोन्ही एकाच किल्लीखाली होते. कंपनी बंद पडली. म्हणून नोंदींची नक्कल अशा वेगळ्या खात्यात ठेवतात की जेथे टाकता येते, पण काढता येत नाही, देवळातल्या दानपेटीसारखी. आपल्याकडे तर आता कायद्याचाही आधार आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला: नोंदी १८० दिवस जपून ठेवा, घटना समजल्यापासून ६ तासांत कळवा, आणि सर्वांची घड्याळे सरकारी घड्याळाशी मिळवा. घड्याळाचे कलम वाचून काही जण हसले. टाइम-ऑफिसात काम केलेला माणूस हसणार नाही. एक वही लंडनच्या वेळेने आणि दुसरी आपल्या वेळेने लिहिलेली असली, तर साडेपाच तासांपर्यंतचा घोळ होतो, आणि आधी काय घडले व नंतर काय, हेच ठरत नाही.

आता यंत्राच्या हाताकडे येतो. माझा खरा विषय हाच आहे.

वह्या एकत्र वाचणारे यंत्र धोका दिसला की सूचना देते. पण ते स्वतः कामही करू शकते. चावी रद्द करते, एखादा संगणक बाकीच्यांपासून तोडून वेगळा काढते, माणसाचे खाते बंद करते. ही सोय हवी की नको? टार्गेट या अमेरिकन दुकानदार कंपनीची हकीकत पाहा. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी तिच्या नव्या यंत्राने घंटा वाजविली. ती बेंगळुरूच्या पहारेकऱ्यांनी ऐकली आणि मिनियापोलिसच्या मुख्य कचेरीला कळविली. तेथे काही झाले नाही. २ डिसेंबरला पुन्हा घंटा वाजली, पुन्हा तेच. चार कोटी कार्डांचे आकडे गेले. आणि चोरांची उपकरणे आपोआप पुसून टाकण्याची सोय त्या यंत्रात होती, ती बंद करून ठेवलेली होती, असे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात आले. हे वाचून कोणीही म्हणेल, यंत्राचा हात मोकळा सोडा.

जरा थांबा. १९ जुलै २०२४, शुक्रवार, सकाळचे पावणेदहा व्हावयाचे होते. क्राउडस्ट्राइक या पहारा करणाऱ्याच कंपनीने जगभरच्या संगणकांना एक नवी फाइल धाडली. फाइल सदोष होती. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. चोर कोणीच नव्हता. पहारेकऱ्यानेच सगळ्या दारांना एकदम कुलपे घातली, आणि ती पुढे कित्येक ठिकाणी एकेक करून हाताने उघडावी लागली. ज्याच्या हाती सर्व कोठारांच्या किल्ल्या, त्याचा हात चुकला तर सर्वच कोठारांत चुकतो, हे उघड आहे.

आणि तोच हात चोराने पकडला तर? २०२० साली सोलरविंड्स कंपनीच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्येच चोर दडून बसले होते. सुमारे १८,००० गिऱ्हाइकांनी ते विश्वासाने आपल्या घरात घेतले. ते उघडकीस आले फायरआय या कंपनीत. टार्गेटमध्ये घंटा वाजविणारे यंत्र याच कंपनीचे. कसे उघडकीस आले? एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसरा फोन जोडलेला दिसला. पहाऱ्यावरच्या माणसाने त्याला विचारले, 'हा फोन तुमचाच ना?' तो म्हणाला, 'नाही.' एवढ्या एका प्रश्नावरून सारे प्रकरण उकलले. यंत्राने तेथे परस्पर खाते बंद करून विषय मिटविला असता, तर त्या फोनच्या मागे कोण आहे हे शोधण्याची गरज कोणाला वाटली असती की नाही, याची मला शंका आहे.

ही गोष्ट मी आमच्या मुलांना नेहमी सांगतो, कारण त्यांच्यावर उलटी पाळी येते. एका कंपनीतली मुलगी, नाव तिचे नको आणि कंपनीचेही नको, आजीच्या तेराव्याला गावी गेली. रात्रपाळी तिथूनच करावयाची परवानगी होती. नवा गाव, भावाचा फोन, अवेळ. यंत्राला संशय आला आणि त्याने तिचे खाते बंद केले. यंत्राचे काही चुकले, असे मी म्हणत नाही. पण ते उघडून देणारा माणूस सोमवारी येणार होता. दोन रात्री ती बिचारी फोन लावीत बसली, आणि महिन्याच्या पगारात त्या दोन रात्री गैरहजेरीच्या लागल्या. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा उत्तर मिळाले, 'सिस्टिमने केले.' मुकादमाने कामगाराला गेटाबाहेर काढले, तर आपण मुकादमाला धरतो. सिस्टिमला कोठे धरावयाचे?

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. जे सहज परत फिरविता येते, ते यंत्राने एकट्याने करावे: अनोळखी चावी रद्द करणे, उघडे पडलेले दार लावणे. जेथे माणसाची रोजी अडते, किंवा रुग्णालयासारखी सेवा बंद पडते, तेथे यंत्राने घंटा वाजवावी आणि माणसाने निर्णय द्यावा. तो माणूस रात्री अडीच वाजताही जागेवर असला पाहिजे. आणि येथे मालकांचे गणित लंगडे पडते. तिन्ही कोठारांच्या घंटा एका खोलीत आणल्या, म्हणजे तीन माणसांचे काम एकाने करावे, असे ते धरून चालतात. एका पाळीत हजार घंटा वाजतात आणि त्यांतल्या बहुतेक खोट्या असतात. अशा वेळी एकटा माणूस त्या ऐकेनासा होतो. कान शाबूत असले तरी. मिनियापोलिसला त्या दिवशी नेमके काय झाले याचा निवाडा मी येथून करीत नाही. पण मी पाहिलेल्या खोल्यांत पहिले काम नव्या यंत्राचे नाही; खोट्या घंटा बंद करीत बसण्याचे आहे, आणि ते काम घंटा ऐकणाऱ्यांना विचारूनच होते. ते काम पगारी वेळेत धरले जात नाही, म्हणून होत नाही.

आणखी एक बाब. सगळ्या वह्या एका टेबलावर आल्या, की त्या चोरापुरत्या राहत नाहीत. कोण कोणाला पत्र लिहितो, कोण जेवणाच्या सुटीत कोणाच्या संपर्कात असतो, संघटनेचा अर्ज कोणी उघडून वाचला, हेही तिथे दिसते. पहाऱ्याची वही हजेरीची वही होऊ नये, आणि काळी यादी तर मुळीच होऊ नये. ती वही कोण वाचतो, याचीही एक वही असावी.

त्या मुलीच्या कंपनीशी आमची बोलणी चालू आहेत. तीन कलमे आम्ही मांडली. यंत्राने खाते बंद केल्याचा काळ हजेरीत धरावा, हे त्यांनी लेखी मान्य केले. तिच्या दोन रात्रींचे पैसेही मिळाले. प्रत्येक रात्रपाळीला खाते उघडण्याचा अधिकार असलेला एक माणूस नावानिशी नेमावा, याला तोंडी होकार आहे. पहाऱ्याच्या नोंदी शिस्तभंगाच्या चौकशीत परस्पर वापरू नयेत, हे तिसरे कलम. त्यावर त्यांचे वकील वेळ मागून घेत आहेत. पुढची बैठक येत्या मंगळवारी आहे.