बाटलीतला रस आणि झाडावरचे फळ



आज एका साध्या प्रश्नाचा विचार करायचा आहे. प्रश्न साधा आहे, पण तो घरातल्या पैशाचा आहे आणि घरातल्या माणसांच्या तब्येतीचाही आहे.

हल्ली प्रत्येक गावच्या दुकानात फळांच्या रसाच्या बाटल्या आणि कागदी खोकी टांगलेली दिसतात. वर पिवळाधमक आंबा काढलेला असतो. नाहीतर संत्र्याची रसरशीत फोड असते. पोर हट्ट धरते. आई म्हणते, "घे बाबा, फळाचंच तर आहे!" कोणी आजारी पडले की भेटायला जाणारा पूर्वी मोसंबी नाहीतर केळी न्यायचा. आता तो बाटली नेतो. बाटली सांडत नाही, सडत नाही, आणि दिसायलाही झोकदार.

तेव्हा प्रश्न असा, की बाटलीतला रस प्याला म्हणजे फळ खाल्ल्यासारखे झाले काय?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही झाले. का नाही, ते आता पाहू.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा ऊस घ्या. उसाचे कांडे दातांनी सोलून खायला बसा. दोन-तीन कांडी झाली की जबडा दुखतो. माणूस म्हणतो, "पुरे आता." पण रसवंतीवर जा. तोच ऊस चरकात घालून रस काढला, तर दोन पेले सहज पोटात जातात. पोट भरल्यासारखेही वाटत नाही. ऊस तोच. मग फरक कशाने पडला? फरक चोथ्याने पडला. चोथा चरकापाशी राहिला, आणि साखर तेवढी पोटात गेली.

फळाचेही असेच आहे. फळात पाणी असते, साखर असते, जीवनसत्त्वे असतात, आणि चोथा असतो. चोथा म्हणजे फळातला धागा, साल आणि गर. हा चोथा पोटात पचत नाही. म्हणून कोणी त्याला निरुपयोगी समजतो. पण तोच फार कामाचा आहे.

उघड्या उतारावर पाऊस पडला, तर पाणी धो-धो वाहून जाते आणि मातीही नेते. त्याच उतारावर बांध घातले, तर पाणी अडते, हळूहळू मुरते, आणि जमिनीला लागते. चोथा हा पोटातला बांध आहे. अख्खे फळ खाल्ले, की त्यातली साखर चोथ्यात अडून हळूहळू रक्तात उतरते. नुसता रस प्याला, की साखर एकदम रक्तात येते. चोथ्याने पोट भरते आणि सकाळी पोटही साफ होते. रसाने यातले काही होत नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, हे तुमचे मनचे." तर तसे नाही. १९७७ साली इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. त्यांनी दहा निरोगी माणसे निवडली. त्यांना एकदा अख्खी सफरचंदे दिली, एकदा सफरचंदाचा ठेचलेला गर दिला, आणि एकदा नुसता रस दिला. साखर तिन्ही वेळा सारखीच ठेवली. काय दिसले? अख्ख्या फळाच्या मानाने रस अकरा पट लवकर संपला. अख्ख्या फळाने पोट सर्वांत जास्त भरल्यासारखे वाटले, रसाने सर्वांत कमी. रस प्याल्यावर रक्तातली साखर पुढे फार खाली घसरली. अख्खे फळ खाल्ल्यावर ती तशी घसरली नाही.

पुढे २०१३ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात पावणेदोन लाखांहून जास्त माणसांच्या खाण्याची नोंद अनेक वर्षे ठेवली होती. ती माणसे दवाखान्यांत काम करणारी, म्हणजे परिचारिका, डॉक्टर अशी होती. त्यांत जे अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे आणि सफरचंदे, वरचेवर खात, त्यांच्यात मधुमेह कमी आढळला. जे रोज रस पीत, त्यांच्यात तो जास्त आढळला. नुसत्या पाहणीने कारण पक्के ठरत नाही, हे खरे. पण चोथ्याची गोष्ट आणि ही पाहणी, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

आता आपण पुढची पायरी चढू. आतापर्यंत आपण खऱ्या रसाचे बोललो. पण बाटलीत सगळा रसच असतो काय?

आपल्या देशात खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारे एक सरकारी प्राधिकरण आहे. त्याच्या नियमाप्रमाणे 'फळाचे पेय' म्हणून जे विकतात, त्यात फळाचा रस निदान १० टक्के असला, तरी चालतो. लिंबाच्या पेयात ५ टक्के असला, तरी चालतो. आता हिशेब करा. २०० मिलिलिटरचे खोके आहे. त्यात १० टक्के आंब्याचा रस म्हणजे २० मिलिलिटर. चहाच्या चमच्याने मोजला तर चार चमचे. बाकी काय? बाकी पाणी, साखर, थोडे आंबट, थोडा रंग आणि थोडा वास. वरच्या चित्रात मात्र अख्खा आंबा!

काही खोक्यांवर 'शंभर टक्के रस' असे लिहिलेले असे. तो रसही पुष्कळदा आटवून घट्ट केलेला असतो, आणि भरताना त्यात पुन्हा पाणी घालतात. म्हणून जून २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले, की 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनावरून आणि जाहिरातीतून काढून टाका.

येथे तुमच्या विद्येचे काम आहे. तुम्ही रात्रीच्या वर्गात येऊन अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. ती विद्या फक्त सही करण्यापुरती नाही. पुढच्या वेळी खोके हातात आले, की पुढचे चित्र पाहू नका. खोके उलटे करा. मागे बारीक अक्षरांत सगळे छापलेले असते. मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो. तो लागला नाही, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली? आकडे तर तुम्हाला येतातच.

दोन गोष्टी पाहायच्या. पहिली गोष्ट म्हणजे घटकांची यादी. ज्या घटकाचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव सर्वांत आधी लिहावे असा नियम आहे. यादी पाण्याने आणि साखरेने सुरू झाली, तर काय समजायचे ते तुम्ही समजालच. दुसरी गोष्ट म्हणजे साखरेचा आकडा. १०० मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम साखर, ते तेथे लिहिलेले असते. समजा, १२ लिहिले आहे. मग २०० मिलिलिटरच्या खोक्यात २४ ग्रॅम साखर झाली. एका सपाट चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर मावते. म्हणजे सहा चमचे झाले. चहात कोणी सहा चमचे साखर घातली, तर आपण कप खाली ठेवू. खोक्यातली मात्र आपण मुलाला कौतुकाने पाजतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे, की वरून घातलेली साखर आणि रसातली साखर मिळून मोठ्या माणसाने दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. एका खोक्यातच ती भरत आली. लक्षात ठेवा, या हिशेबात घरी काढून गाळलेला रससुद्धा धरला आहे. अख्ख्या फळातली साखर मात्र धरलेली नाही. हाच फळाचा आणि रसाचा भेद.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. आयाबहिणींनी हे नीट ऐकावे.

लहान मुलाला जुलाब लागले, की अंगातले पाणी जाते. मूल सुकते. अशा वेळी जलसंजीवनी द्यायची असते. त्या पुड्यांवर इंग्रजीत 'ओआरएस' लिहिलेले असते. पण मध्यंतरी फळांच्या चवीच्या काही गोड पेयांच्या खोक्यांवरही तीच अक्षरे छापली जात. आईबाप औषध म्हणून ती आणत. त्यात साखर फार. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणजे मुलाला वाचवायला आणलेली वस्तू मुलालाच घातक! डॉक्टरांनी याविरुद्ध पुष्कळ आवाज उठवला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ती अक्षरे छापायला बंदी झाली.

तेव्हा जुलाबात बाटलीतला रस नको आणि थंड पेयही नको. आशाताईकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात जलसंजीवनीची पुडी मागा. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती मिसळा. पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा घ्या, आणि माप चुकवू नका. हे पाणी थोडे थोडे पाजा. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध बंद करू नका. मूल मलूल झाले, किंवा शौचात रक्त दिसले, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

एक वर्षाच्या आतल्या मुलाला रस मुळीच देऊ नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली सांगितले आहे. तेथे तर दुकाने रसाने भरलेली. तेथले डॉक्टर असे म्हणतात, तर आपण का ऐकू नये?

मग रस अगदी टाकाऊच काय? तसे आम्ही म्हणणार नाही. मधुमेहाच्या औषधाने कोणाची साखर एकदम उतरली, घाम फुटला, हातपाय कापू लागले, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर अर्धा पेला रस लगेच उपयोगी पडतो. तेथे साखर लवकर चढणे हाच गुण होतो. सणासुदीला, पाहुण्यारावळ्यांत कधी पेलाभर घेतला, तर तेवढ्याने काही बिघडत नाही. पण फळाच्या जागी रोज रस, हा व्यवहार तोट्याचा.

म्हाताऱ्या माणसाला दात नाहीत, त्याने काय करावे? त्याला पिकलेले केळे कुस्करून द्या, पपई द्या. चोथा पोटात गेला पाहिजे, एवढेच पाहायचे. मधुमेह असलेल्यांनी मात्र कोणते फळ किती खायचे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटी पैशाचे बोलू. आपल्या शेताच्या बांधावर पेरू लागतो, बोर लागते, जांभूळ लागते, सीताफळ लागते. हा माल टोपल्या भरभरून आपण बाजारी नेतो, आणि व्यापारी मागेल त्या भावाला देतो. येताना त्याच पैशातून पोरांसाठी रंगीत पाण्याची खोकी आणतो. फळ गेले शहरात आणि साखरेचे पाणी आले घरात! ज्या पेरूला आपण गावचा म्हणून कमी लेखतो, त्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. आवळ्याचेही तसेच. एका खोक्याच्या पैशात तुमच्या बाजारात किती पेरू येतात, ते येत्या आठवड्याला विचारा आणि वहीत मांडून पाहा. तो हिशेब आम्ही सांगण्यापेक्षा तुम्हीच केलेला बरा.

तेव्हा बाजाराला माल न्याल, त्या दिवशी टोपलीतली चार चांगली फळे आधी घरच्यांसाठी बाजूला काढा. किडकी, डागी नव्हेत, चांगली काढा. ती धुऊन, चावून, चोथ्यासकट खा. आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा बाटलीऐवजी दोन मोसंबी न्या. आणि कधी दुकानात मुलाने खोक्यासाठी हट्ट धरलाच, तर ते त्याच्या हातात देण्याआधी उलटे करा आणि मागचे आकडे वाचा.