मधल्या नावाचा रकाना

(साताऱ्याला आणि नंतर सांगलीला झालेल्या स्त्रियांच्या शिबिरांत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे.)

सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलं, "पासपोर्टचा अर्ज कसा भरायचा, हे हक्कांच्या शिबिरात कशाला? ते तर पैसेवाल्यांचं काम." ताई, आपण जरा आजूबाजूला बघू. मिरजेत नर्सिंग शिकून आखातात नोकरीला जाणाऱ्या मुली आहेत. परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणाला जाणारी, उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडे न गेलेली आई आहे. उमऱ्याला जाणाऱ्या मावशी आहेत. घरकामाला दुबईला नेतो म्हणणाऱ्या माणसाच्या नादी लागलेली एखादी गरजू बाई आहे. या सगळ्यांना हा अर्ज भरावा लागतो. भरतं मात्र दुसरंच कोणी, आणि बाई फक्त सही करते.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगते. मी समाजकार्याची पदवी घेतलेली. दिवसभर बायकांचे पोटगीचे, रेशनकार्डाचे अर्ज भरून देणारी. पण स्वतःचा पासपोर्टचा अर्ज मी एका एजंटाकडून भरून घेतला. त्याने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, लग्न झालंय?" मी हो म्हटलं. त्याने माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव घालून टाकलं. मी लग्नानंतर नाव बदललेलंच नाही. आधार, दहावीचा दाखला, पदवी, सगळं वडिलांच्या नावाचं. अर्थातच खिडकीवर कागद जुळले नाहीत, आणि मला परत पाठवलं. दोष त्या एजंटाचा होता, पण माझा जास्त होता. मी न वाचता होकार दिला होता. त्या दिवसापासून ठरवलं, हा अर्ज बायकांबरोबर बसून, एकेक रकाना वाचत भरायचा.

आता तो अर्ज उघडू या. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते बघा, कारण तशीच दिसणारी खोटी स्थळंही आहेत आणि ती जादा पैसे उकळतात. प्रौढ माणसाच्या ३६ पानी, १० वर्षांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. ती आधीच भरून तारीख घ्यायची. पूर्वी त्यासाठी पुणं गाठावं लागायचं. २०१७ पासून पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू होत गेली, आणि आता साताऱ्याला, सांगलीला, कोल्हापूरला हे काम होतं. एका दिवसाच्या रजेत जमतं.

पहिलाच रकाना नावाचा. इथेच आपली गाडी अडते. नावासाठी दोनच जागा आहेत: एक स्वतःच्या नावाची आणि एक आडनावाची. मधल्या नावाला वेगळी जागा नाही, ते स्वतःच्या नावाच्या रकान्यातच पुढे लिहायचं. आपल्याकडे पुरुषाचं मधलं नाव जन्मभर एकच राहतं. बाईचं मात्र हळद लागली की बदलतं, आणि कधीकधी पहिलं नावसुद्धा. मग दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, बँकेच्या पुस्तकात तिसरी. लक्षात ठेवा: लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. माहेरचं नाव चालू ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. सासरचं घ्यायचं असेल तर घ्या, तोही तुमचा निर्णय. पण आधी ठरवा, सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्या, आणि मग अर्ज भरा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा आधारवर आहे तेच.

त्याच्या खालीच दोन प्रश्न आहेत. तुम्ही आणखी कुठल्या नावाने ओळखल्या जाता का? आणि तुम्ही कधी नाव बदललं आहे का? साताऱ्यात हे प्रश्न वाचताना मला 'नकुसा' आठवतात. नको असताना झालेली मुलगी म्हणून तिचं नावच नकुसा. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा प्रशासनाच्या कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. त्यांतल्या शाळकरी पोरी आज विशी-पंचविशीत आहेत, शिकतायत, नोकऱ्या शोधतायत. कार्यक्रमात नाव बदललं तरी कागदावर ते आपोआप बदलत नाही. एखादा जुना दाखला नकुसा म्हणतच राहतो. अशा मुलीने या प्रश्नाला 'नाही' लिहू नये. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'होय' लिहावं, आणि नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत जोडावी. त्यात लाजायचं काही नाही. लाज वाटायचीच तर ते नाव ठेवणाऱ्यांना वाटावी.

पुढचा रकाना वैवाहिक स्थितीचा. त्यात अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा आणि विभक्त असे पर्याय आहेत. हा शेवटचा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा. नवऱ्याने टाकलेल्या बाईला आपल्याकडे अजून कोर्टाचा कागद मिळालेला नसतो, मिळणारही नसतो. आपल्याच भागात इंदुताई पाटणकरांच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचे प्रश्न रस्त्यावर आणले. बाईला तिच्या नावाचं रेशनकार्ड द्या, ही मागणी केली. त्या वेळी वाद हाच होता की नवऱ्याशिवाय बाई कागदावर उभी राहू शकते की नाही. पासपोर्टच्या बाबतीत त्याचं उत्तर मिळालं डिसेंबर २०१६ मध्ये. परराष्ट्र मंत्रालयाने नियम सुधारले. घटस्फोटित किंवा विभक्त बाईने नवऱ्याचं नाव देण्याची गरज नाही. घटस्फोटाचा हुकूमनामाही जोडायला नको. आणि विवाहित असलात तरी अर्जावर नवऱ्याची सही कुठेच लागत नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं, की बायकोने पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी किंवा सही आणायची गरज नाही. कुणी मागितली तर विचारा, "कुठल्या नियमात आहे?"

ही काही आपल्याच देशातली गोष्ट नाही. विसाव्या शतकात ब्रिटिश नवऱ्याच्या पासपोर्टमध्येच बायकोची नोंद होत असे, स्वतंत्र पुस्तिका नसली तरी चाले. तो बरोबर असेल तर ती जाणार. आज त्याच ब्रिटनमध्ये पहिल्या पासपोर्टच्या वेळी ओळख पटवणारी व्यक्ती लागते, आणि ती नात्यातली चालत नाही. म्हणजे काळ बदलतो, पण बदलावा लागतो.

आता आई-वडिलांचा रकाना. दोघांपैकी एकाचं नाव दिलं तरी पुरतं. हेही २०१६ चंच. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल दिला होता, की मुलीच्या पासपोर्टवर बापाचं नाव हवंच असं नाही. सुधारलेल्या नियमांत साधूंना आई-बापाऐवजी गुरूचं नाव लिहायची मुभा दिली आहे, बघा. संसार सोडलेल्याची जेवढी सोय, तेवढी संसाराने सोडलेलीचीही झाली! मुलाचा पासपोर्ट काढायचा आणि बापाची संमती मिळत नाही, तर आईने त्याचं कारण सांगणारं स्वतःचं निवेदन द्यायचं. साध्या कागदावर, नोटरीशिवाय.

व्यवसायाच्या रकान्यात एजंट डोळे झाकून 'गृहिणी' लिहितात. पहाटेपासून द्राक्षबागेत राबणारी, म्हशी सांभाळणारी, शिवणाचं मशीन चालवणारी बाई गृहिणी कशी? तुम्ही कमावता ना, मग तसं लिहा. घरकामच करत असाल तर तेही अभिमानाने लिहा, पण दुसऱ्याने न विचारता लिहिलेलं नको.

शिक्षणाच्या रकान्यावर तर पोटापाण्याचा प्रश्न अवलंबून आहे. दहावी पास असाल तर दाखला जोडाच. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा शिक्का येतो, की ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागेल. त्यांत आखाती देशही आहेत. त्या देशांत घरकामाला जाण्यासाठी ३० वर्षांखालील बाईला ही परवानगी मिळत नाही. म्हणून काही दलाल सांगतात, "व्हिजिट व्हिसावर नेतो, तिथे गेल्यावर काम लावतो." मैत्रिणींनो, त्या वाटेने गेलेली बाई तिथे कुठल्याच सरकारी नोंदीत कामगार नसते. पगार बुडाला तर तक्रार करायलाही जागा उरत नाही.

पत्ता सध्या जिथे राहता तिथलाच द्या. माहेरी राहत असाल तर माहेरचा. पोलीस चौकशीला तिथेच येणार. ओळखीच्या दोन माणसांची नावं लागतात, ती सासरचीच हवीत असं नाही. शेजारीण, अंगणवाडीताई चालेल. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे बहिणीचं नाव लिहा, मैत्रिणीचं लिहा. ज्याच्यापासून तुम्हाला भीती आहे, त्याचं लिहू नका.

शेवटचं सांगते, ते पासपोर्ट हातात आल्यावरचं. एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने तिचा पासपोर्ट कपाटात कुलपात ठेवला होता. "घरातली वस्तू आहे, मीच सांभाळणार," म्हणाला. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, परदेशातल्या मालकाची नाही. तो ज्याच्या नावाने दिला आहे, त्यानेच बाळगायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अडवलेल्या वस्तू परत मिळवण्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे आम्ही त्या नवऱ्याला घरी जाऊन वाचून दाखवलं. कोर्टात जावं लागलं नाही. त्याने कुलूप काढलं.

१९७८ मध्ये मनेका गांधींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाण्याचा हक्क हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. माणसाच्या, म्हणजे आपल्याही. आपल्यातल्या बहुतेक जणी कदाचित कधीच विमानात बसणार नाहीत. तरी हा अर्ज एकदा भरून बघा, एका कोऱ्या कागदावर का होईना. नाव काय? आई कोण? राहता कुठे? करता काय? अडचणीत कोणाला हाक माराल? या प्रश्नांची उत्तरं आजवर आपल्यासाठी दुसऱ्यांनीच दिली.

दुपारच्या सत्रात मी कोरे कागद आणि पेनं घेऊन बसते आहे. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, शेजारणीने लिहावं, पण लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा लावायचा नाही. चला, सुरुवात नावापासून करू.